फ्रेम जमली आणि तो हादरला

नाझींच्या छळछावणीत फोटो काढताना जॉर्ज रॉजर या ब्रिटिश फोटोग्राफरला स्वतःबद्दलच एक भयंकर गोष्ट कळली. त्यानंतर त्याने युद्धाकडे कायमची पाठ फिरवली. स्मारकासमोर उभं राहून मोबाइल काढण्याआधी त्याची गोष्ट माहीत असायला हवी.

फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असतो. सुरुवातीला आपण विचार करून फ्रेम लावतो. झाड इकडे, माणूस तिकडे, वर थोडं आकाश. हजारेक फोटो काढून झाले की मग डोळाच ते काम करायला लागतो. आपण दोन पावलं मागे सरकतो, जरासे खाली वाकतो, आणि का वाकलो ते आपल्यालाही सांगता येत नाही. फ्रेम बसते आणि बोट आपोआप शटरवर जातं. डोळा तयार होणं म्हणतात ते हेच.

जॉर्ज रॉजरचा डोळा असाच तयार होता. एप्रिल 1945मध्ये जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन छळछावणीत तो पोहोचला, तेव्हा त्याच्या पाठीशी जवळपास पाच वर्षांची युद्धाची फोटोग्राफी होती. समोर हजारो मृतदेह पडलेले होते आणि तो फोटो काढत होता. काही वेळाने त्याच्या लक्षात आलं की, आपण या मृतदेहांचे गट व्ह्यूफाइंडरमध्ये नीट मांडून घेतोय. कुठून पाहिलं तर आकार चांगला दिसेल, रचना कशी जमेल, याचा हिशेब डोक्यात चालू आहे. ही माणसं होती, हे आपण विसरलोय. त्याला स्वतःचीच भीती वाटली. पुढची पन्नास वर्षं तो या एका जाणिवेसोबत जगला.

जहाजावरून सुरुवात

रॉजरचा जन्म 1908चा, इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातला. आपण कॉलेजला जातो त्या वयात तो व्यापारी जहाजावर नोकरीला लागला आणि विशीच्या आतच जग फिरून आला. त्याला खरं तर लेखक व्हायचं होतं. प्रवासाबद्दल लिहायचं, तर सोबत चित्रं हवीत, म्हणून त्याने कॅमेरा हातात घेतला. कुठला कोर्स नाही, कुणी गुरू नाही. चुकत, फिल्म वाया घालवत तो आपला आपणच शिकला.

1929मध्ये तो अमेरिकेत गेला आणि नेमकी तिथे महामंदी आली. काही वर्षं पडेल ते काम करून 1936मध्ये तो लंडनला परतला. बीबीसीच्या ‘द लिसनर’ या साप्ताहिकासाठी फोटो काढायची नोकरी मिळाली. काम साधं होतं, पण पगार चालू होता.

1940च्या सप्टेंबरमध्ये जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. रॉजर रस्त्यावर उतरला. त्याच्या फोटोंत पडलेल्या इमारती आहेत, पण त्याचं लक्ष जास्त करून माणसांवर आहे. रात्रभर बॉम्ब पडल्यावर सकाळी ढिगाऱ्याशेजारी चहा पिणारे लोक, तळघरात रात्र काढणारी कुटुंबं. जिवंत माणसं संकटात कशी वागतात, हे बघायची त्याला ओढ होती. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ या बड्या सचित्र साप्ताहिकाने हे फोटो पाहिले आणि त्याला युद्धाच्या कामावर घेतलं.

पुढची काही वर्षं तो अक्षरशः पळत होता. आफ्रिकेचं वाळवंट, इराण, मग ब्रह्मदेश. 1942मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसलं तेव्हा तिथून लाखो भारतीय पायी आसाम आणि मणिपूरकडे निघाले होते. त्याच धामधुमीत रॉजरही जंगलातून सुमारे 300 मैल चालत बाहेर पडला. पुढे इटलीत त्याची रॉबर्ट कापाशी गाठ पडली. कापा म्हणजे त्या काळातला युद्धाच्या फोटोंचा स्टार. फोटोग्राफरला मासिकाच्या संपादकाच्या तालावर नाचावं लागू नये, स्वतःच्या फोटोंवर त्याचाच हक्क असावा, अशी स्वप्नं दोघांनी तिथे रंगवली. ते स्वप्न पुढे खरं झालं. पण त्याआधी बेल्सन यायचं होतं.

सूर्यप्रकाशातला रस्ता

ब्रिटिश सैन्य 15 एप्रिल 1945ला बर्गन-बेल्सनमध्ये शिरलं. आत सुमारे 60 हजार कैदी होते आणि सुमारे 13 हजार मृतदेह न पुरता तसेच पडलेले होते. या छावणीत विषारी वायूच्या खोल्या नव्हत्या. इथे माणसं भुकेने, तहानेने आणि टायफसच्या साथीने मेली. ॲन फ्रँक आणि तिची बहीण मार्गो इथेच, सुटकेच्या काही आठवडे आधी गेल्या. सुटका झाल्यावरही मरण थांबलं नाही. पुढच्या आठवड्यांत आणखी सुमारे 14 हजार जण दगावले, इतकी त्यांची शरीरं खचली होती.

रॉजर तिथे 20 एप्रिलला पोहोचला. त्याने त्या काळात काढलेला एक फोटो जगभर गेला. एक सरळ रस्ता, त्यावर पसरलेलं ऊन, कडेला झाडं. रस्त्याने सातेक वर्षांचा एक मुलगा आपल्या दिशेने चालत येतोय. झाडांखाली गवतात मृतदेहांची रांग आहे. मुलाने मान दुसरीकडे वळवलीय.

फोटो म्हणून पाहिलं तर तो विलक्षण आहे. रस्त्याची रेघ नजरेला आत ओढून नेते. ऊन सुंदर आहे आणि ते तसं असणंच असह्य होतं. एका लहान मुलाने मान वळवली आहे, एवढ्यावरून त्या जागी रोज काय दिसत असेल ते कळतं. मुलगा डच ज्यू होता आणि तो वाचला.

‘लाइफ’ने 7 मे 1945च्या अंकात हा फोटो छापला. त्याच अंकात मार्गारेट बर्क-व्हाइटने बुखेनवाल्ड छावणीत काढलेले फोटोही होते. पुढच्याच वर्षी चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचा तो प्रसिद्ध फोटो काढणारी हीच बर्क-व्हाइट. तोवर छळछावण्यांच्या बातम्या अनेकांना युद्धातला प्रचार वाटत होत्या. फोटो आल्यावर मात्र नजर चुकवणं अवघड झालं. ब्रिटिश लष्कराने बेल्सनमध्ये घेतलेली फिल्म तर त्याच वर्षी ल्युनेबुर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखवली गेली.

म्हणजे रॉजर तिथे गेला, त्याने फोटो काढले, आणि नीट काढले, हे जगाच्या भल्याचंच झालं. कच्च्या हाताने काढलेला धूसर फोटो इतका टिकला नसता. मग त्याला स्वतःची शिसारी का आली?

कारण आतून काय घडलं ते फक्त त्याला माहीत होतं. लंडनच्या ढिगाऱ्यात त्याने ज्या डोळ्याने माणसं शोधली, त्याच डोळ्याला बेल्सनमध्ये आकार दिसायला लागले होते. पाच वर्षं रोज मरण पाहून आत कुठेतरी एक बटण बंद झालं होतं आणि हात मात्र सफाईने चालत होते. फोटो चांगला येतोय, हीच त्याच्यासाठी धोक्याची घंटा ठरली.

काही दिवसांनी, 4 मे रोजी, ल्युनेबुर्गजवळ जर्मन सेनानी माँटगोमेरीपुढे शरण आले. तेही फोटो रॉजरने काढले. त्याने तिथेच थांबायचं ठरवलं. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, नाव आणि मागणी दोन्ही शिखरावर असताना, त्याने युद्धाच्या फोटोग्राफीला रामराम ठोकला. बेल्सनच्या आठवणींनी मात्र त्याचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही.

मॅग्नम आणि आफ्रिका

1947मध्ये कापाने न्यूयॉर्कमध्ये ‘मॅग्नम’ ही संस्था उभी केली. संस्थापकांत कापा, आँरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सीमोर, विल्यम व्हँडिव्हर्ट आणि रॉजर होते. गंमत म्हणजे स्थापनेच्या बैठकीला रॉजर हजरही नव्हता. फोटोग्राफरांनी स्वतःच्या मालकीची चालवलेली ही संस्था आजही जगात नावाजलेली आहे. त्यांनी जग वाटून घेतलं. कार्तिए-ब्रेसाँच्या वाट्याला आशिया आला. तो भारतात आला आणि 30 जानेवारी 1948ला, गांधीजींच्या हत्येच्या काही तास आधी, त्यांना भेटलाही. रॉजरच्या वाट्याला आफ्रिका आणि मध्यपूर्व आली. त्याला तेच हवं होतं. युद्धापासून, शहरांपासून लांब, जिथे माणसं माणसांसारखी जगतात अशा जागा तो शोधत होता.

पत्नी सिसिलीसोबत त्याने मोटारीने आफ्रिका पालथी घातली. 1949मध्ये ते सुदानमधल्या कोर्डोफानच्या डोंगरांत नुबा लोकांकडे पोहोचले. तिथे कुस्तीचा मोठा मान. रॉजरचा सगळ्यांत गाजलेला फोटो तिथलाच. जिंकलेला मल्ल दुसऱ्या मल्लाच्या खांद्यावर बसलाय, अंगाला राख फासलेली, आणि चेहऱ्यावर शांत रुबाब. बेल्सनमध्ये माणसाच्या शरीराचं काय होऊ शकतं ते पाहून आलेल्या माणसाने काढलेला हा फोटो आहे, हे एकदा माहीत झालं की तो वेगळाच दिसायला लागतो. त्याच वर्षी सिसिलीचं बाळंतपणात निधन झालं.

रॉजरची आणखी एक सवय लक्षात ठेवण्यासारखी. तो नुसते फोटो पाठवत नसे. सोबत सविस्तर लेख आणि फोटोखालचा मजकूर स्वतः लिहून द्यायचा. लेखक व्हायची जुनी हौस तर होतीच. शिवाय उघडा फोटो कुणीही कसाही वापरू शकतो, हेही त्याला कळून चुकलं असावं.

एक पत्र, एक नकार

नुबांचे फोटो 1951मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये आले आणि मग एक पत्र आलं. पाठवणारी होती लेनी रीफेनश्टाल.

फिल्म स्टडीज शिकणाऱ्यांना हे नाव माहीत असेल. नाझी पक्षाच्या 1934च्या न्युरेम्बर्ग मेळाव्यावर तिने ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ हा सिनेमा केला. कॅमेऱ्याची जागा, प्रकाश, हजारो माणसांची भौमितिक मांडणी, सगळं अफाट. आणि ते सगळं हिटलरला देवासारखा दाखवण्यासाठी. युद्धाच्या काळात दुसऱ्या एका सिनेमासाठी तिने छावणीत डांबलेल्या रोमा-सिंती लोकांना एक्स्ट्रा म्हणून वापरलं. त्यातले बरेच जण नंतर आउशवित्झला पाठवले गेले.

अशा बाईला रॉजरचा तो मल्लाचा फोटो फार आवडला. ते लोक कुठे भेटतील ते सांगावं, ओळख करून द्यावी, म्हणून तिने त्याला 1000 डॉलर देऊ केले. त्या काळात ही मोठी रक्कम होती. रॉजरने साफ नकार दिला. तिची पार्श्वभूमी आणि त्याची, एक न्युरेम्बर्गची आणि दुसरी बेल्सनची. त्यांच्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

रीफेनश्टाल पुढे स्वतःच्या वाटेने तिथे पोहोचली. 1970च्या दशकात तिचं नुबांवरचं देखणं पुस्तक आलं. सुसान सोंटाग या लेखिकेने त्यावर कठोर टीका केली. धडधाकट, सुंदर शरीराची तीच जुनी पूजा या फोटोंतही आहे, असा तिचा रोख होता.

इथे रॉजरच्याही गोष्टीला एक काटा आहे. त्याचा हेतू कितीही स्वच्छ असला, तरी तिला त्या डोंगरांची वाट दाखवली ती त्याच्याच फोटोने. फोटो एकदा छापला की तो कुणाच्या भिंतीवर आणि कुणाच्या डोक्यात जाईल, यावर आपला ताबा राहत नाही. नकार देणं तेवढं रॉजरच्या हातात होतं. ते त्याने केलं.

मॅग्नमचे त्याचे दोन दोस्त मात्र युद्धाकडे जात राहिले. कापा 1954मध्ये इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून गेला, सीमोर 1956मध्ये सुएझजवळ गोळीबारात. रॉजर म्हातारा झाला. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या स्मार्डन या गावी तो बरीच वर्षं राहिला आणि 1995च्या जुलैमध्ये गेला.

आज तिथे काय दिसतं?

रॉजरने फोटो काढलेल्या त्या छावणीतलं आज जवळपास काहीच उभं नाही. टायफस पसरू नये म्हणून ब्रिटिशांनी मे 1945मध्ये लाकडी बराकी जाळून टाकल्या. आज तिथे मोकळं माळरान आहे, झुडपं, बर्च आणि पाइनची झाडं. एक उंच स्तंभ, एक लेखांची भिंत, माहिती केंद्र. ॲन आणि मार्गोच्या नावाचा एक दगडही आहे, पण त्या नेमक्या कुठे पुरल्या गेल्या ते कुणालाच ठाऊक नाही. आणि गवताने झाकलेले लांबट उंचवटे आहेत. त्यांवर नावं नाहीत. इथे इतके मृत विसावलेत, एवढाच आकडा. कुठे 1000, कुठे 5000.

जरा डोळ्यासमोर आणा. सकाळचं तिरपं ऊन, हिरवा उंचवटा, मागे झाडांची रांग. फ्रेम लगेच बसेल. रॉजर जिथे अडखळला ती जागा हीच. फरक एवढाच की, त्याच्यासमोर मृतदेह दिसत होते, आपल्यासमोर ते गवताखाली आहेत. त्यामुळे आपल्याला विसरणं आणखी सोपं.

जर्मनीत शिकायला जाणारी मराठी मुलंमुली आता कमी नाहीत. बर्लिनला गेलात तर ब्रांडेनबुर्ग गेटजवळचं स्मारक चुकणार नाही. 2005मध्ये खुलं झालेलं, वास्तुरचनाकार पीटर आयझेनमनचं. 2711 करडे काँक्रीटचे ठोकळे, खालीवर होणारी जमीन, अरुंद वाटा. तिथे आत शिरलं की शहराचा आवाज मंदावतो आणि सोबतची माणसं दिसेनाशी होतात. सावल्या, रेषा, खोली, सगळं कॅमेऱ्यासाठीच केलंय असं वाटावं. म्हणूनच तिथे उड्या मारतानाचे, योगासनांचे, डेटिंग प्रोफाइलचे फोटो निघत राहिले. 2017मध्ये शहाक शापिरा या कलाकाराने असे 12 सेल्फी घेतले आणि ठोकळ्यांच्या जागी छळछावण्यांतले खरे फोटो जोडून इंटरनेटवर टाकले. बघणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. फोटोतल्या लोकांनी त्याच्याशी संपर्क साधला आणि आठवड्याभरात त्याने ते सगळे उतरवले.

त्यातली तरुण मंडळी काही राक्षस नव्हती. त्यांच्या डोळ्यांना फक्त आकार दिसले होते. रॉजरलाही तेच झालं होतं. त्याला ते स्वतःहून कळलं, यांना कुणीतरी दाखवावं लागलं.

मग अशा जागी फोटो काढूच नयेत का? रॉजरचं आयुष्य तसं सांगत नाही. त्याचे बेल्सनचे फोटो नसते तर आपण सगळेच गरीब झालो असतो. पण त्याच्याकडून काही गोष्टी उचलता येतात. पहिली म्हणजे, पोहोचल्या पोहोचल्या कॅमेरा काढू नका. आधी चाला, वाचा, पायाखाली काय आहे ते समजून घ्या. तिथले नियम पाळा. आउशवित्झमध्ये कैद्यांचे कापलेले केस ठेवलेल्या दालनात आणि ब्लॉक 11च्या तळघरात फोटो काढायला बंदी आहे. तिथल्या रेल्वेच्या रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो काढू नका, अशी विनंती स्मारकाला 2019मध्ये जाहीरपणे करावी लागली होती. कुणी तिथे रडत असेल, कुणी दगडावर हात ठेवून उभं असेल, तर ते तुमचं कंटेंट नाही. कदाचित त्यांचं कुणीतरी तिथे गेलेलं असेल.

आणि फ्रेम अगदी छान बसली, की त्याच क्षणी स्वतःला एकदा विचारा, ही कशामुळे छान वाटतेय? सावली इथे काय झालं त्याबद्दल काही सांगतेय, की नुसती सावली म्हणून आवडलीय? पहिलं असेल तर जरूर काढा, मन लावून काढा, एक्सपोजर दहादा तपासा. दुसरं असेल तर मोबाइल खिशात टाका आणि थोडा वेळ नुसतं बघा.

काढलाच, तर रॉजरसारखं खाली लिहा. नुसता हॅशटॅग नको. बेल्सनच्या उंचवट्याचा फोटो असेल तर दगडावरचा आकडा वाचता येईल असा ठेवा, आणि फोटोखाली तो मराठीत लिहा: इथे 5000 माणसं आहेत.